ट्रंकेतले पैलवान

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. इंदापूर तालुक्यातील एका गावातून एक कुटुंब माझ्या बारामतीच्या दवाखान्यात आले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आबा, त्यांचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. आबा साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी तालमीत घुमलेले, हे त्यांचे कान पाहताच कळत होते. तक्रार खोकल्याची होती. छाती तपासली, थोडी घरघर होती. सुनेने सांगितले, "डॉक्टरसाहेब, आबा दिवसभर एक जुनी ट्रंक उघडून बसत्यात. त्यात जुने फोटो हायत, पैलवानांचे. नुसती धूळ न् बुरशी. त्यानंच खोकला होतोय."

मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "मग ती ट्रंक माळ्यावर टाका."

वाचकहो, माझ्या तीस वर्षांच्या व्यवसायात काही सल्ले असे आहेत की ते आठवले की आजही मान खाली जाते. हा त्यांतला एक.

तीन आठवड्यांनी ते सारे पुन्हा आले. खोकला थांबला होता. पण आबा रात्र रात्र झोपत नव्हते. घरभर फिरत, कपाटे उघडत, सुनेवर चोरीचा आळ घेत. जेवण अर्ध्यावर आले होते. मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "रात्री दोन वाजता उठून विचारत्यात, माझे पैलवान कुठं गेले? घरात पैलवान दिसायला लागलेत त्यांना." वृद्धाला नसलेली माणसे दिसू लागली, असा अर्थ मी लावला आणि भास कमी करणाऱ्या गोळीची चिठ्ठी लिहायला घेतली. ही गोळी काही रुग्णांना आवश्यक असते. पण स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये तिच्यामुळे पक्षाघाताचा आणि मृत्यूचाही धोका वाढतो, म्हणून ती फार जपून, थोड्या दिवसांसाठी आणि दुसरा उपाय नसेल तेव्हाच द्यायची असते. चिठ्ठी अर्धी झाली होती. तेवढ्यात दारापाशी उभी असलेली नात म्हणाली, "आबांना काही दिसत नाही. ते ट्रंक मागतायत."

मी चिठ्ठी फाडली.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. ट्रंक माळ्यावरून खाली उतरवली होती. आबा पडवीत पोत्यावर बसले होते आणि त्यांच्यापुढे सुमारे दीडशे छायाचित्रे पसरली होती. काही जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली, काही पोस्टकार्डाएवढी, काही यात्रेच्या पत्रकांतून कापलेली. तालमींच्या भिंतींवरून, केशकर्तनालयांतून, चहाच्या हॉटेलांतून, मोडीत निघालेल्या वाड्यांतून आबांनी ती पन्नास वर्षे जमवली होती. कोल्हापूर, सांगली, पुणे, जिथे कारखान्याच्या कामासाठी जावे लागे तिथून ते एखादा तरी फोटो घेऊन येत.

अमेरिकेत बेसबॉल या खेळाच्या आरंभीच्या व्यावसायिक खेळाडूंची छायाचित्रे जमवणारे असंख्य छांदिष्ट आहेत. तिकडे एकेकाळी सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची चित्रे वाटली जात. आज त्यांतल्या दुर्मीळ चित्रांना लाखो डॉलर मोजले जातात. आपल्याकडे खेळावर पोट असलेले आरंभीचे खेळाडू म्हणजे पैलवान. संस्थानिकांच्या पदरी राहणारे, दरबारातून खुराक मिळणारे, जंगी मैदानात इनामावर लढणारे. छत्रपती शाहू महाराजांनी 1902 च्या विलायत दौऱ्यात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि पुढे 1912 मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. त्या काळच्या मल्लांची छायाचित्रे म्हणजे आपल्या मातीतला इतिहासच. पण आपण ती माळ्यावर टाकतो. मीही तेच सांगितले होते.

त्या दुपारी आबांनी मला दीड तास शिकवले. पहिली गोष्ट अशी, की सर्वांत जुन्या फोटोंत कुस्ती चाललेली दिसत नाही. पैलवान गदेवर हात ठेवून किंवा हाताची घडी घालून उभा असतो. मागे महाल किंवा बाग रंगवलेला पडदा. कारण त्या काळी काचेवर चित्र उमटायला वेळ लागे, हलणारा माणूस पुसट येई. दुसरी गोष्ट, पुठ्ठ्यावर खाली छायाचित्रकाराच्या स्टुडिओचा ठसा असतो; त्यावरून गाव आणि अंदाजे काळ कळतो. तिसरी गोष्ट आबांनी स्वतःच्या कानावर बोट ठेवून सांगितली. "कान बघायचा. मोडका कान असला तर माणूस खरा मातीतला. नुसता गदा घेऊन फोटो काढणारे पण लई होते."

हे तर वैद्यकशास्त्रच होते. कुस्तीत कान सतत घासला, दाबला जातो. कानाची कुर्चा आणि तिच्यावरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साकळते. कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण त्या आवरणातूनच होते. ते तुटले की कुर्चा आक्रसते, जाड होते आणि कान फुलकोबीसारखा दिसू लागतो. असे साकळलेले रक्त वेळीच डॉक्टरांकडून काढून घेतले आणि कान दाबून बांधला तर हे टळते. तालमीत जाणाऱ्या नातवंडांच्या घरी हे जरूर सांगावे, मोडक्या कानाचा अभिमान असला तरीही.

आबा एकेक फोटो उचलत होते. गामा पैलवानाचा एक छापील फोटो निघाला आणि लगेच हकिगत आली. 1910 साली लंडनमध्ये पोलंडच्या झ्बिस्कोशी झालेली, तासन्‌तास रखडून बरोबरीत सुटलेली कुस्ती; आणि 1928 मध्ये पतियाळात त्याच झ्बिस्कोला एका मिनिटाच्या आत दाखवलेले अस्मान. मग खाशाबा जाधव. 1952 मध्ये हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा कराडजवळच्या गोळेश्वरचा मल्ल. त्या वेळी आबा बारा वर्षांचे होते आणि गावच्या यात्रेत रेवड्यांच्या कुस्त्या खेळत होते. मग 1959 चे हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, 1960 चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर, 1961 चे पहिले महाराष्ट्र केसरी दिनकर दह्यारी. साल, जोड, डाव, सारे मुखोद्गत. पण त्याच आबांना सकाळी काय खाल्ले ते आठवत नव्हते आणि 2006 मध्ये बारामतीतच भरलेले महाराष्ट्र केसरीचे मैदान आपण पाहिले होते, हेही आठवत नव्हते. मुलगा म्हणाला, "मी स्वतः नेलं होतं त्यांना."

घरच्यांना हे ढोंग वाटते. "हवं ते बरं आठवतं!" हे वाक्य मी शेकडो घरांत ऐकले आहे. ते ढोंग नसते. नवी आठवण साठवण्याचे काम मेंदूच्या ज्या भागात होते, त्याला अल्झायमरसारख्या विकारात आधी इजा होते. जुन्या, पुनःपुन्हा उजळलेल्या आठवणी पुष्कळ काळ टिकतात. शिवाय साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या आठवणी निरोगी वृद्धांनाही इतर काळापेक्षा जास्त प्रमाणात आठवतात, असे मानसशास्त्रज्ञांना आढळले आहे. आबांच्या आयुष्यात तो काळ 1950 ते 1970 चा होता. तोच काळ त्या ट्रंकेत होता.

मी मात्र आता घाई केली नाही. विसराळूपणा म्हणजे लगेच अल्झायमर असे नव्हे. आबांच्या रक्ताच्या तपासण्या केल्या. थायरॉईड व सोडियम ठीक होते. बी-12 जीवनसत्त्व कमी निघाले. मधुमेहावरील मेटफॉर्मिन ते बरीच वर्षे घेत होते, आणि या औषधाने दीर्घकाळात बी-12 घटू शकते. दोन्ही कानांत मळाचे खडे होते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. मळ काढला, बी-12 ची इंजेक्शने दिली, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. आबा बरेच सावरले. तरीही स्मृती उणावत राहिली. पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अल्झायमरचे निदान पक्के केले. वृद्धांच्या विसराळूपणात नैराश्य, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, थायरॉईड, बी-12 आणि झोपेच्या गोळ्या या सहा गोष्टी आधी पडताळून पाहाव्यात, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

आता ट्रंकेचे काय करायचे? रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1963 मध्ये मांडले की, म्हाताऱ्या माणसाने मागच्या आयुष्याकडे वळून वळून पाहणे हा बिघाड नसून ती वार्धक्यातली स्वाभाविक आणि आवश्यक प्रक्रिया आहे. तोवर त्याला चळ समजत. त्यातूनच पुढे छायाचित्रे, गाणी, जुन्या वस्तू यांच्या साहाय्याने गप्पा मारण्याची पद्धत रुजली. अमेरिकेत सेंट लुईस येथे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना जुन्या बेसबॉलपटूंची छायाचित्रे दाखवून बोलते केले जाते. स्कॉटलंडमध्ये हेच काम फुटबॉलच्या जुन्या फोटोंनी होते. मी हा उपाय म्हणून अवास्तव स्तुती करणार नाही. या पद्धतीने आजार थांबत नाही. अभ्यासांत दिसलेला फायदा लहान आणि प्रत्येक रुग्णात सारखा नसलेला आहे. पण मनःस्थिती आणि संवाद यांत जो थोडा उजेड पडतो, तो घरच्यांना पुरेसा मोठा वाटतो.

आबांच्या सुनेला मी काही गोष्टी सांगितल्या. त्या इथे देतो, कारण प्रत्येक घरात पैलवान नसले तरी कुणाचे लग्नाचे, कुणाचे वारीचे, कुणाचे बैलजोडीचे फोटो असतातच.

पहिली गोष्ट, परीक्षा घेऊ नये. "हा कोण, सांगा बरं?" हा प्रश्न रुग्णाला अपमानित करतो. त्याऐवजी, "या पैलवानाचा फेटा किती रुबाबदार आहे" असे म्हणून थांबावे. उत्तर आले तर ऐकावे, नाही आले तर पुढचा फोटो घ्यावा.

दुसरी गोष्ट, चूक दुरुस्त करू नये. साल चुकले, नाव चुकले तरी चालते. आपण इतिहासाचा तास घेत नसतो.

तिसरी गोष्ट, एका वेळी चार-पाचच फोटो, वीस-पंचवीस मिनिटे, भरपूर उजेडात, चश्मा आणि कानयंत्र लावून. तिन्हीसांजेला पुष्कळ रुग्ण अस्वस्थ होतात. म्हणून त्याआधी, चारच्या चहाबरोबर बसणे बरे.

चौथी गोष्ट, डोळे भरून आले तर घाबरू नये. विषय एकदम बदलू नये, हात हातात घेऊन बसावे. मात्र एखाद्या फोटोने दरवेळी फार त्रास होत असेल, तर तो हलकेच बाजूला ठेवावा.

चौथ्या गोष्टीचा प्रसंग लवकरच आला. तालमीतल्या पोरांचा एक सामुदायिक फोटो होता. त्यातल्या एका मुलाच्या चेहऱ्यावर आबांनी अंगठा ठेवला आणि ते रडू लागले. तो त्यांचा धाकटा भाऊ. विषमज्वराने विसाव्या वर्षी गेलेला. घरात त्याचे नावही कधी निघाले नव्हते; मुलालाही आपल्याला एक काका होता एवढेच ठाऊक होते. त्या दिवशी आबा सुनेशी तासभर बोलले. दोन्ही भावांच्या खुराकाला पैसे नव्हते म्हणून आईने पाटल्या मोडल्या होत्या, भाऊ गेल्यावर आबांनी लांग कायमची खुंटीला टांगली आणि कारखान्यात नोकरी धरली. पुढच्या भेटीत ती मला म्हणाली, "वीस वर्षं मी या घरात आहे, डॉक्टर. आबांनी मला पाणी दे, जेवण वाढ, याशिवाय काही म्हटलं नव्हतं." तिच्या बोलण्यात थकवा तोच होता, पण राग कमी झाला होता. रुग्णाची सेवा करणाऱ्यालाही सेवेसाठी काही कारण हवे असते. कर्तव्य पुरत नाही, तो माणूस माहीत असावा लागतो.

धुळीचा प्रश्न खराच होता, आणि त्याचे उत्तर सोपे होते. ट्रंक अंगणात उन्हाबाहेर, सावलीत उघडली. झटकण्याचे काम मुलाने नाकातोंडावर मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने केले. आबांना तेवढा वेळ दूर बसवले. दमा असलेल्यांनी हे काम मुळीच करू नये. ओले फडके लावायचे नाही. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो. तो पाण्याने फुगतो, आणि बुरशीला व कसरीला तो आवडतो. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. सेलोटेप, डिंक, लॅमिनेशन टाळावे. फोटो कडेने धरावा, बोटांच्या घामाचे डाग कायमचे राहतात. प्रत्येक फोटो साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात, शक्यतो आम्लविरहित कागदात ठेवावा. माळ्यावर पत्र्याखाली किंवा जमिनीवर नव्हे, तर घरातल्या मधल्या खोलीतील कपाटात. डांबराच्या गोळ्या नकोत. त्यांचा वास दमेकऱ्याला सोसत नाही, आणि विसराळू माणूस त्या मिठाई समजून तोंडात टाकण्याचा धोका असतो.

रुग्णाच्या हातात नेहमी प्रत द्यावी, मूळ फोटो नव्हे. नातीने खिडकीशेजारी, फ्लॅश न वापरता, मोबाईलवर सगळे फोटो टिपले आणि बारामतीत त्यांच्या मोठ्या प्रती काढून घेतल्या. आबांनी त्या चुरगळल्या, उशाखाली ठेवल्या, एकीवर चहा सांडला. कुणी रागावले नाही.

मग तिने आणखी एक काम सुरू केले. आबा ज्याचे नाव सांगतील, त्याच्या मूळ फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहायचे. बॉलपेनाने नाही, त्याची शाई पुढच्या बाजूला उतरते आणि दाबाने वळही उठतात. पण ती शाळेतून येई, क्लासला जाई, परीक्षा असत. आणि आबांच्या आठवणींना तिच्या वेळापत्रकाशी देणेघेणे नव्हते. पहिल्या वर्षी नावे भराभर आली. दुसऱ्या वर्षी एकाच पैलवानाची दोन-दोन नावे येऊ लागली. चौथ्या वर्षी नावे थांबली.

शेवटच्या वर्षात आबा बोलतही फारसे नव्हते. तरी फोटो समोर धरला की त्यांचा उजवा हात मांडीवर सरके आणि हलकेच शड्डू ठोके. कृतीची स्मृती नावांच्या स्मृतीहून चिवट असते, हे पुस्तकात वाचले होते. त्या पडवीत पाहिले.

गेल्या पावसाळ्यात आबा गेले, घरीच, झोपेत. दहाव्यानंतर मी भेटायला गेलो तेव्हा नातीने ट्रंक उघडून दाखवली. आता ती सतरा वर्षांची आहे. तिने पाकिटांचे दोन गठ्ठे केले होते. एका गठ्ठ्यात नावे लिहिलेले एकेचाळीस फोटो. दुसऱ्यात शंभरावर फोटो, मागची बाजू कोरी. ती म्हणाली, "हे सगळे कोण होते ते आबांना माहीत होतं. मी विचारायला उशीर केला." मी तिला सांगितले नाही की त्यांतले तीन आठवडे माझ्यामुळे गेले होते, आणि ते तीन आठवडे आबांना नावे सर्वांत चांगली आठवत होती तेव्हाचे होते. हे तिला आता या पानावर कळेल.

त्या कोऱ्या गठ्ठ्यासाठी तिने एक उपाय काढला आहे. आजूबाजूच्या गावांत, तालमीत बसणाऱ्या ऐंशीच्या पुढच्या वस्तादांकडे ती सुट्टीच्या दिवशी मोबाईलवरचे फोटो घेऊन जाते. आतापर्यंत सहा नावे मिळाली आहेत. त्यांतल्या एका वस्तादांच्या सुनेने मला परवा दवाखान्यात विचारले, "ती पोरगी पुन्हा कधी येणार? त्या दिवशी मामंजी पोटभर जेवले."

हा अंक हाती असेल त्या दिवशी एवढेच करा. घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक जुना फोटो काढा, त्यांना चश्मा द्या, शेजारी बसा. आणि पेन्सिल जवळ ठेवा.